कॉलर निघाली, पण मान अजून आपली वाटत नाही

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मला समजलं ते असं. तुमचे मिस्टर 43 वर्षांचे, एसटीत वाहक. नऊ आठवड्यांपूर्वी रात्री मोटरसायकलला कुत्रं आडवं आलं, ते पडले आणि मानेचा सहावा मणका पुढच्या बाजूने थोडा दबला. सीटी झाला, एमआरआय झाला. सर्जन म्हणाले, 'फ्रॅक्चर स्टेबल आहे, ऑपरेशन नको, आठ आठवडे कॉलर.' गेल्या आठवड्यात मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढला, तो चांगला आला आणि कॉलर काढायला सांगितली. आता कॉलर काढली की दहा मिनिटांत ते ती परत मागतात. मान वळत नाही, अंथरुणात कूस बदलताना गरगरतं, उजव्या अंगठ्यात मधूनच मुंग्या येतात. दीर म्हणतात ऑपरेशनच करायला हवं होतं. शेजारचे म्हणतात, पलीकडच्या गावात एक जण मान बसवून देतो. आणि तुमचा प्रश्न: हाड खरंच जुळलंय का, आणि गाडी व ड्युटी कधी सुरू करायची?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. सांगली-मिरज भागात 23 वर्षं हेच काम करते आणि कॉलर नुकतीच निघालेल्या बऱ्याच माना या हातांखालून गेल्या आहेत. तुमच्या मिस्टरांचे फोटो मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढे जिथे मी 'सर्जनला विचारा' म्हणते, तिथे ते हात झटकणं समजू नका. तेवढी गोष्ट खरोखर त्यांनाच ठाऊक असणार.

तुम्ही विचारलंय हाडाबद्दल, पण तुमच्या घरात सध्या अडलंय ते हाडापाशी नाही, असं मला वाटतं. वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये सर्जनला एकच गोष्ट बघायची असते: मान पुढे झुकवली, मागे नेली, तर दबलेला मणका वरच्या-खालच्या मणक्यावर घसरतो का, मागची फट उघडते का. तसं झालं नाही म्हणून कॉलर काढली. म्हणजे हाडाने परीक्षा दिली आणि ती पास झाली. ज्या माणसाची ती मान आहे, त्याला मात्र अजून निकाल कळलेला नाही. आता काम उरलंय ते हा निकाल त्यांच्या स्नायूंपर्यंत आणि मनापर्यंत पोचवण्याचं. याला वेळ लागतो, आणि यात घाई व भीती दोन्ही सारख्याच महाग पडतात.

आधी दिरांचं समाधान करू. मानेच्या मणक्याचे ढोबळ दोन भाग समजा. पुढे वजन पेलणारा गोलसर ठोकळा, मागे हाडाची कमान, आणि दोन्हींच्या मधून मज्जारज्जू जातो. एकाखाली एक असलेले हे मणके चिवट बंधांनी, म्हणजे लिगामेंटनी, बांधलेले असतात. ठोकळ्याचा पुढचा काठ दबला, पण मागची कमान, मागचे बंध शाबूत आहेत आणि मज्जारज्जूला जागा पुरेशी आहे, तर तो मणका जागचा हलत नाही. भिंतीचा एक कोपरा खचला पण खांब-तुळया जागेवर आहेत, असं घर आपण पाडत नाही. एमआरआय काढला तो बहुधा हे मागचे बंध बघायलाच. ऑपरेशन केलं असतं तर पट्टी-स्क्रू टाकून शेजारचे मणके कायमचे जोडून टाकले असते. जोडलेल्या जागची हालचाल गेली ती गेलीच, आणि तो ताण वरच्या-खालच्या सांध्यांवर पडतो. जिथे मणका घसरतोय किंवा मज्जारज्जू दाबला जातोय तिथे हा सौदा बिनशर्त करावा. जिथे हाड आपणहून नीट जुळतंय तिथे करू नये. तुमच्या सर्जननी हात आवरला, यात त्यांचा अनुभव दिसतो.

एक गोष्ट मात्र आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे पुढच्या एक्स-रेला घाबरायला होणार नाही. दबलेला मणका परत फुगत नाही. जुळला तरी त्याचा आकार पुढून थोडा बसका, पाचरीसारखाच राहतो. दहा वर्षांनी दुसऱ्याच कारणाने फोटो काढला तरी रिपोर्टात 'जुनं कॉम्प्रेशन फ्रॅक्चर' असं लिहून येईल. माझ्याकडे एक गृहस्थ असाच रिपोर्ट घेऊन आले होते, 'चार वर्षं झाली मॅडम, अजून फ्रॅक्चर आहे' म्हणत. तो व्रण होता. जखम केव्हाच भरली होती.

हाड जुळण्याचा हिशोब असा: पहिल्या काही दिवसांत रक्त साकळून सूज येते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड धरतो, साधारण सहा ते बारा आठवड्यांत तो कडक होतो, आणि नंतर कित्येक महिने हाड स्वतःला आतून घडवत राहतं. म्हणजे नवव्या आठवड्याचं हाड रोजच्या हालचालीला पक्कं आहे, पण झाडावर चढायला किंवा पोतं उचलायला अजून नाही. हा फरक लक्षात ठेवा, खाली ड्युटीचं लिहिताना तो कामाला येईल.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमच्या मिस्टरांचं वय बरं आहे. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर तेवढं स्पष्ट सांगते, निकोटीनने हाड जुळायला उशीर होतो, आणि मळून खाल्लेली तंबाखूही यात सुटत नाही. मधुमेह असेल, दम्या-संधिवातासाठी बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असेल, तर सगळे आकडे पुढे सरकतात. ज्यांना अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे ज्यांचा कणा आधीच बांबूसारखा ताठ झालाय, त्यांनी या उत्तरातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. त्यांच्यात लहान दिसणारी चीरही अस्थिर असू शकते. वयस्कर माणसांत दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या सुळक्याचं फ्रॅक्चर ही आणखी वेगळीच कथा. ते कधीकधी हाडाने जुळतच नाही आणि तरी डॉक्टर कॉलरवरच निभावतात. उलट, मान खाली घातली की मागे हाताला लागतो त्या सातव्या मणक्याच्या टोकाचं फ्रॅक्चर सहसा सगळ्यात गरीब. त्याला इंग्रजीत चिकणमाती उपसणाऱ्यांचं नाव पडलंय. ऑस्ट्रेलियात खोल चर खणणारे मजूर फावड्याला चिकटलेली माती वर भिरकावताना ते टोक मोडून घ्यायचे. थोडक्यात, 'मानेचं फ्रॅक्चर' हे एकच दुखणं नाही. म्हणून पाहुणे येऊन 'आमच्या मामांना तर सहा महिने कॉलर होती' म्हणतील तेव्हा ऐकून घ्या आणि चहा द्या.

आता खरी अडचण. कॉलर काढल्यावर दहा मिनिटांत ती परत का हवीशी होते?

मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. पाच किलो तांदळाची पिशवी दिवसभर काठीच्या टोकावर तोलायची, तर काठी धरणारे हात जागे हवेत. मानेत ते काम दोन प्रकारचे स्नायू करतात. वरवरचे मोठे, जे आपल्याला हाताला लागतात, आणि आत मणक्यांना बिलगलेले बारीक. आठ आठवडे कॉलरने वजन पेललं, तेव्हा आतले बारीक स्नायू आळसावले आणि बारीक झाले. कॉलर काढली की वरचे मोठे स्नायू त्यांचंही काम अंगावर घेतात, खांदे कानाला लागतात, आणि दहा मिनिटांत मानेपासून डोक्याच्या मागपर्यंत ओढल्यासारखं होतं. दुखतं ते हेच. जुळलेलं हाड पुन्हा मोडतंय, असं त्याचं भाषांतर मिस्टरांचं मन करतं, आणि ते साहजिक आहे. शेवटचं मानेत कळ आली तेव्हा ते रस्त्यावर पडलेले होते.

दुसरं, सांधे आखडलेत. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ निम्मा भाग सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होतो. तुमच्या मिस्टरांना लागलंय सहाव्याला. म्हणजे वळण्याचं मुख्य बिजागर धडधाकट आहे, फक्त गंजलंय. हे त्यांना समजावून सांगा. आमच्याकडे हे चित्र काढून दाखवलं की अनेकांच्या चेहऱ्यावरचा ताण त्याच क्षणी उतरतो, आणि काही अंश मान तिथल्या तिथे जास्त वळते. मी अजून काहीच केलेलं नसतं.

तिसरी गोष्ट गरगरण्याची, आणि इथे जरा थांबायला हवं. तुम्ही लिहिलंय, 'कूस बदलताना'. नीट बघा: अंथरुणात एका विशिष्ट बाजूला वळल्यावर खोली गोल फिरते आणि अर्ध्या-एक मिनिटात आपोआप थांबते का? तसं असेल तर ते मानेचं नसून कानाचं असण्याची शक्यता मोठी आहे. डोक्याला हिसका बसला की आतल्या कानातले चुन्यासारखे सूक्ष्म कण जागचे सुटतात आणि डोकं हलवलं की तोल चुकवतात. अपघातानंतर हे बऱ्यापैकी दिसतं आणि बऱ्याचदा निसटून जातं, कारण सगळ्यांचं लक्ष मानेवर असतं. यावर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण जागेवर नेण्याचा इलाज आहे, साधा आणि गुणकारी. पण त्यात डोकं मागे टाकून वळवावं लागतं. म्हणून व्हिडिओ बघून घरी करू नका. सर्जनला विचारून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा अशा फिजिओथेरपिस्टकडे जा, ज्यांना मानेचं फ्रॅक्चर झाल्याचं तुम्ही आधी सांगितलंय. पाठीसकट अख्खं अंग वळवूनही ते करता येतं. उलट, खोली फिरत नाही, नुसतं जहाजावर असल्यासारखं अधांतरी वाटतं, गर्दीत वाढतं, असं असेल तर ते बहुधा मानेकडून मेंदूला जाणारे 'डोकं कुठे आहे' हे निरोप गोंधळल्याचं. त्यावरचा व्यायाम खाली सांगते.

व्यायामाआधी माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं. ऊसतोडीला जाणारा एक तरुण, त्याचंही असंच स्थिर फ्रॅक्चर, कॉलर त्याच दिवशी निघालेली. मला वाटलं, तरणा गडी आहे, लगेच ताकद आणू. पहिल्याच दिवशी चारही दिशांना हाताने दाबून धरण्याचे व्यायाम दिले, प्रत्येकी दहा-दहा. दुसऱ्या दिवशी त्याला मान उचलवेना. हाडाला काहीच झालं नव्हतं. पण तो पाच दिवस कॉलर घालून पडून राहिला आणि पुढे तीन आठवडे आलाच नाही. आला तेव्हा मान कॉलर नसतानाही कॉलरमध्ये असल्यासारखी ताठ. मी हाडाचं बरोबर ओळखलं होतं, माणसाचं चुकवलं. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी ताकदीचं काहीच देत नाही.

तर कॉलर सोडण्याचं वेळापत्रक. काही सर्जन एकदम सोडायला सांगतात, काही हळूहळू. तुमच्यांनी काय सांगितलंय ते आधी. त्यांनी मोकळीक दिली असेल तर मी असं करते: सकाळी अंघोळीनंतर, मान ताजी असताना, पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसून अर्धा तास कॉलरविना. दुपारी तसंच. मान थकल्यावर काढून ठेवलेली कॉलर घालायची नाही, थकण्याच्या आधी, घड्याळ बघून घालायची. हे बारीक वाटतं पण यातच सगळं आहे. दुखल्यावर घातली की मेंदू शिकतो, 'कॉलर म्हणजे औषध'. वेळेवर घातली की ती नुसती वस्तू राहते. दर दोन दिवसांनी अर्धा तास वाढवा. घरातलं चालणं, जेवण, टीव्ही अशा क्रमाने ती सुटत जाते. शेवटी सुटतो तो प्रवास आणि बाजारातली गर्दी. बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत पूर्ण सुटते. मध्येच फोमची मऊ कॉलर आणावी का, असं विचारतात. तिने हालचाल फारशी थांबत नाही, ती केवळ 'जपून' असं आठवण करून देते. प्रवासापुरती चालेल, पण तिची सवय लागलेली एक शिक्षिका माझ्याकडे अपघातानंतर सात महिन्यांनी आली होती, ओढणीखाली कॉलर लपवून.

पहिला आठवडा एवढंच: उताणं झोपून, पातळ उशीवर डोकं ठेवून, 'नाही नाही' म्हणतो तशी मान सावकाश डावीकडे-उजवीकडे सरकवायची. डोक्याचं वजन उशीवर, मानेवर काहीच नाही. आधी डोळे त्या बाजूला न्यायचे, मग मान मागून येऊ द्यायची. डोळे पुढे गेले की मानेचे स्नायू आपसूक तयार होतात, आणि भीतीने ती आवळली जात नाही. जिथे ओढ जाणवते तिथे थांबायचं, कळ येईपर्यंत जायचं नाही. दहा वेळा, दिवसातून चार वेळा. त्याच्या जोडीला खांदे मागे-खाली नेऊन पाठीची पाती एकमेकांजवळ आणणं. आणि चालणं, रोज, सपाट रस्त्यावर. चालण्याइतकं मानेला आणि मनाला एकाच वेळी बरं करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आतल्या स्नायूंना जागं करायचं. तसंच उताणं झोपून, डोकं न उचलता, हनुवटी जेमतेम छातीकडे झुकवायची, जणू गर्दीत कुणाला न कळता 'हो' म्हणतोय. घशाच्या बाजूचे जाड स्नायू हाताला टणक लागले तर जोर जास्त झाला. पाच सेकंद धरा, सोडा, पाच-सहा वेळा. कंटाळवाणा व्यायाम आहे. पुरुषांना तर यात काही केलंय असंच वाटत नाही. तरीही तोच कळीचा.

आणि तो अधांतरीपणाचा व्यायाम. टोपीला पुढच्या बाजूने छोटी टॉर्च बांधा. भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्यासमोर हातभर अंतरावर खुर्चीत बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका महिन्याच्या मधल्या एका तारखेवर धरायचा. डोळे मिटायचे, मान सावकाश एका बाजूला वळवायची, परत मध्यावर आणायची, डोळे उघडायचे. ठिपका कुठल्या तारखेवर आलाय? सुरुवातीला दोन-तीन घरं चुकतो. रोज पाच-सात मिनिटं केलं की काही आठवड्यांत त्याच चौकोनात येऊ लागतो. यात मोजता येतं म्हणून माणसं मन लावून करतात. तुमच्या घरी मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवा, ती बाबांची चूक फार आनंदाने मोजतात.

हाताने दाबून धरण्याचे व्यायाम, म्हणजे कपाळाला तळवा लावून डोकं न हलवता एकमेकांविरुद्ध हलकं ढकलणं, मी साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात देते, सर्जनचा होकार घेऊन. जोर किती? अंगठ्याने आंबा पिकलाय का बघतो तेवढा. त्याहून जास्त नाही.

किती केलं म्हणजे जास्त झालं, हे ओळखायला एकच पट्टी: दुसऱ्या दिवशीची सकाळ. व्यायाम करताना थोडं ओढलं, संध्याकाळी जरा जड वाटलं, पण सकाळी उठल्यावर कालइतकंच किंवा बरं आहे, तर माप बरोबर. सकाळीही कालपेक्षा जास्त दुखतंय, तर माप निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा. पॅरासिटामॉलसारखी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्यायला लाजू नका. सहन करण्यात पराक्रम नाही, दुखण्याने आवळलेली मान व्यायाम करत नाही.

घरातल्या काही गोष्टी. झोपून उठताना सरळ उठायचं नाही. आधी अख्खं अंग एकत्र कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताच्या रेट्याने बसायचं. अंघोळीला बादलीतून वाकून तांब्या घेऊ नये, बादली स्टुलावर ठेवा. केस धुताना डोकं पुढे ओणवं करू नये. भारतीय बैठकीच्या संडासाने हाडाला धोका नाही, पण उठताना मानेने हिसका देण्याची सवय असते, म्हणून महिनाभर कमोड किंवा प्लास्टिकची खुर्ची बरी. मोबाइल मांडीवर ठेवून बघणं बंद. देवाला, मोठ्यांना वाकून नमस्कार काही दिवस हात जोडूनच. कुणी रागावणार नाही. खाण्याचं म्हणाल तर डाळ, अंडी, दूध, मटकी, मासे, जे घरात चालतं ते पोटभर. पायाचं सूप करत असाल तर करा, गरमागरम बरं वाटतं, पण त्याने हाड चार दिवस आधी जुळतं असं नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते मात्र तपासून भरून काढावं.

आता त्या मान बसवणाऱ्याबद्दल. नको, ताई. मान कडकन वाजवण्याचा जो झटका असतो, त्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी धडधाकट माणसांतही आहेत. तुमच्या मिस्टरांचा मणका नऊ आठवड्यांपूर्वी मोडलाय. सलूनमध्ये दाढी झाल्यावर सवयीने मान मोडून देतात, तिथेही आधीच सांगून ठेवायचं. खांद्यांना हलक्या हाताने तेल लावा, कोमट शेक द्या, काही हरकत नाही. आणि आमच्याच धंद्यातली एक गोष्ट, कारण लपवण्यात अर्थ नाही: कुणी फिजिओथेरपीच्या नावाखाली मानेला वजन लावून ताण देणार असेल, तर आधी फ्रॅक्चरचे कागद पुढे ठेवा. ट्रॅक्शन या मानेला आत्ता द्यायचं नाही.

अंगठ्यातल्या मुंग्या. मानेत मणके सात, पण तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. सहावी नस सहाव्या मणक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडते आणि अंगठा-तर्जनीच्या बाजूला जाते. म्हणजे तुम्ही सांगताय ती जागा नकाशाशी जुळते. अपघातापासूनच असतील, सर्जनला माहीत असतील आणि हळूहळू कमी होत असतील, तर नस सावरतेय असं धरू. पण कॉलर काढल्यावर नव्याने आल्या असतील, किंवा हातातून वस्तू निसटू लागली, शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, चालताना पाय लटपटू लागले, मान खाली घातल्यावर पाठीतून विजेसारखा झटका गेला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. कॉलर घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गिळताना नव्याने अडणं, ताप आणि वाढत जाणारं दुखणं हेही त्यातच.

गाडी. मोटरसायकलसाठी मी तारीख सांगत नाही, तीन गोष्टी बघते: कॉलरशिवाय पूर्ण दिवस जातो का, खुर्चीत बसून खांद्यावरून मागे वळून न दुखता बघता येतं का, आणि हेल्मेट घालून घरात अर्धा तास वावरता येतं का. हेल्मेटचं वजन दीड किलोच्या आसपास असतं आणि ते डोक्याच्या वजनात मिळतं. हे तिन्ही जमायला बहुतेकांना अपघातापासून तीन महिने तरी लागतात, मग सर्जनचा होकार. तोवर मागे बसून जाऊ का, असं सगळेच विचारतात. मागे बसणं जास्त वाईट. चालवणाऱ्याला स्पीडब्रेकर आधी दिसतो, त्याची मान तयार असते. मागच्याला तो आदळल्यावरच कळतो. तातडीचं असेल तर रिक्षा करा, आणि चालकाला सांगा.

ड्युटीचं जरा अवघड आहे, कारण वाहकाचं काम दिसतं त्यापेक्षा मानेला जड. चालत्या गाडीत उभं राहायचं, एक हात वर दांड्याला, तिकीट मशीन आणि बॅग एकाच खांद्याला, मान सतत मागच्या प्रवाशाकडे वळलेली, आणि चालकाने ब्रेक मारला की हिसका. बसून काम करणारा माणूस एव्हाना अर्धा दिवस कामावर जाऊ शकला असता. फिरत्या बसमध्ये उभं राहण्याचं मात्र मी चौथ्या महिन्याच्या आधी सुचवणार नाही, आणि तेही ताकदीचे व्यायाम नीट जमू लागल्यावर. मधल्या काळात आगारात बसून करण्याचं हलकं काम मिळतं का, यासाठी सर्जनकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. 'विश्रांती घ्यावी' असं मोघम नको. 'अमुक तारखेपर्यंत उभ्याने प्रवास आणि वजन उचलणं टाळावं' असं हवं. परत जाल तेव्हा पहिले काही दिवस मशीन खांद्याऐवजी कंबरेच्या पट्ट्याला लावता येतं का बघा, आणि बॅग दर फेरीला खांदा बदलून.

दुखणं शून्यावर येण्याची वाट बघत बसू नका. संध्याकाळचा जडपणा, लांबच्या प्रवासानंतर ओढ, हे काही महिने राहतं आणि तरीही माणूस बरा होत असतो. आठवड्याचा हिशोब ठेवा, दिवसाचा नको.

राहिली रात्रीची झोप. रात्री कॉलर आधी सोडायची की शेवटी, यात सर्जन-सर्जनमध्ये मतं वेगळी आहेत, तेव्हा हे फोन करून विचाराच. सोडायला सांगितली तर एकच उशी, उताणं झोपताना पातळ, आणि कुशीवर झोपणार असतील तर खांदा आणि कानामधली जागा भरेल एवढी उंच. टॉवेलची गुंडाळी करून उशीच्या अभ्र्यात खालच्या काठाला सरकवली तर मानेखालची पोकळी भरते आणि 'कुणीतरी धरलंय' असं वाटतं. पालथं झोपणं नाही. पहिले दोन-तीन दिवस कॉलर उशाशी ठेवा, हात लावला की लागेल अशी. घालायची नाही, फक्त असू द्यायची.

आणि मला दोन गोष्टी कळवा. अंगठ्यातल्या मुंग्या नक्की कधी सुरू झाल्या, कॉलर निघण्याआधी की नंतर. आणि गरगरतं ते कुठल्या कुशीला वळल्यावर, आणि किती सेकंद. घड्याळ लावून मोजा, अंदाजाने नको. हे कळेपर्यंत झोपून करायचा 'नाही नाही'चा व्यायाम आणि चालणं, एवढंच चालू ठेवा.